काळ्या घोड्याचा आकडा आमच्या भिंतीवर हवा

होळी झाली की बडोद्यात गव्हाची बोलणी सुरू होतात. लोकवन काय भावाने निघाला, सिहोरचा टुकडी यंदा कसा आहे, निवडायला नि तेल लावायला कोण येणार. हाथीखान्यातून पोती निघतात, टेम्पो सोसायटीच्या दारात उभा राहतो आणि पुढच्या पंधरवड्यात बायकांच्या दुपारी अगाशीवर जातात. गव्हाच्या जोडीला तूरडाळ, रेशमपट्टी मिरची, हळद, धणे-जिरे. आम्हा मराठी घरांत कुरडया, सांडगे, मेतकूट. शेजारच्या गुजराती घरांत राजापुरी कैरीचा छुंदो, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवलेला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिल्यामुळे आता आमच्या घरी छुंदो असतो आणि त्यांच्या घरी गुळांबा.

गहू भरणं हे कौशल्याचं काम आहे. कडक उन्हात दोन दिवस वाळवायचा, चाळायचा, खडे नि कोंडा काढायचा. मग परातीत थोडा थोडा घेऊन दोन्ही तळहातांना एरंडेल माखायचं आणि दाणा न्‌ दाणा चोळायचा. तेल जास्त झालं तर पोळीला वास येतो, कमी पडलं तर आषाढातच पोरकिडे दिसतात. तेल बरोबर लागलं हे हाताला कळतं: दाणे चकाकतात, पण बोटांना चिकटत नाहीत. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी भरायची, झाकण घट्ट बसवायचं. माझ्या आईने हे दांडिया बाजारातल्या वाड्यात केलं. तिथे धान्याच्या कोठ्या माडीवर असत. मी समा भागात तळमजल्यावर राहते. माझी कोठी स्वयंपाकघरात, जमिनीवर असते.

26 ऑगस्ट 2024, जन्माष्टमीचा सोमवार. दिवसभर पाऊस कोसळत होता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट. ती ओलांडून नदी 35 फुटांच्याही वर गेली. शहराचे कितीतरी भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिले. वनखात्याने त्या तीन दिवसांत वस्त्यांमधून 24 मगरी पकडून बाहेर काढल्या, तेवढी बातमी देशभर गेली. आमच्याकडे पाणी ओसरल्यावर मी कोठीचं झाकण उघडायला गेले, तर ते उघडेना. आत गहू फुगला होता आणि त्याने पत्रा बाहेर ढकलला होता. शेजारच्या मुलाने पहार घालून ते काढलं तेव्हा आंबलेल्या पिठाचा असा भपकारा आला की आम्ही दोघंही अंगणात पळालो. वरचे दाणे पांढरे, मऊ, मोड आलेले. खालचा गाळ झाला होता. किडीला अडवणारं एरंडेल पुरापुढे काय करणार! वर्षाचं धान्य आम्ही बादल्यांनी रस्त्यावर नेऊन ओतलं. तिथे आधीच गाद्या, सोफे, शाळेची दप्तरं, फ्रिज यांचे ढीग लागले होते. पंधरवड्याच्या आत गणपती यायचे होते आणि घराघरांत फिनाइलचा वास होता.

हे टाळता आलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. पूर नव्हे, पुराने केलेलं हे नुकसान. कोठी रिकामी करून धान्य पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीकडे न्यायला मला दोन तास पुरले असते. ते दोन तास कुठून सुरू करायचे, एवढंच कळायला हवं होतं.

पावसाळ्यात सगळं बडोदा आकड्यांत बोलतं. सकाळी दूधवाला विचारतो, “काळा घोडा केटला फूट थया?” भाजीवाली सांगते, आजवा 212 च्या वर गेलं. सयाजीबागेजवळ सयाजीराव तिसऱ्यांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो आमचा काळा घोडा. त्याच्या शेजारच्या पुलावर विश्वामित्रीची पातळी मोजतात. आजवा सरोवर त्याच महाराजांच्या काळात शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. ते आणि प्रतापपुरा तलाव भरून वाहू लागले की पाणी नदीत येतं. पावागढच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे धाढरला मिळते. धाढरच तुडुंब असेल तर विश्वामित्रीला पाणी टाकायला जागा उरत नाही. म्हणूनच इथे कधी पाऊस थांबतो, लख्ख ऊन पडतं आणि पाणी चढतच राहतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगूनही खरं वाटत नाही.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण काळ्या घोड्याला 28 फूट म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे कुणाला ठाऊक नाही. 28 ला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं की 31 ला? 33 ला गॅसच्या शेगडीपर्यंत चढतं की ओट्याखालीच राहतं? मोबाइलवर संदेश येतो, भोंगा लावलेली गाडी फिरते, “सखल भागातल्या नागरिकांनी सावध राहावं” असं सांगितलं जातं. सखल म्हणजे नेमकं कुठलं घर, हे त्या संदेशात नसतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा सखल.

माझी मागणी साधी आहे. महानगरपालिकेने पूर येणाऱ्या प्रत्येक गल्लीत, विजेच्या खांबावर किंवा सोसायटीच्या भिंतीवर, ऑइलपेंटने रेघा माराव्यात. ऑगस्ट 2024 चं पाणी इथवर होतं, तेव्हा काळा घोडा इतका होता. त्याखाली, काळा घोडा अमुक फूट झाला की या गल्लीत पाणी शिरू लागतं. गुजरातीत, हिंदीत, शक्य तिथे मराठीतही, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी रंगांत. नदीशेजारची गल्ली मंगल पांडे पुलाच्या किंवा आकोट्याच्या आकड्याशी जोडावी लागेल, तर तशी जोडावी.

हे हिशेब अगदी काटेकोर असणार नाहीत, हे मला मान्य आहे. बडोद्यात पाणी बरेचदा नदीच्या बाजूने येतच नाही. ते मागच्या दाराने, कांसमधून नि गटारांतून उलटं चढतं. भूखी कांससारखे जुने नैसर्गिक ओढे नदीला मिळतात. नदी भरली की तेच पाणी मागे सोसायट्यांत ढकललं जातं. शिवाय 31 जुलै 2019 ला चोवीस तासांत जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला, तसा पडला तर नदीची वाट न बघताच रस्ते भरतात. म्हणून कांसवरच्या प्रत्येक मोरीपाशीही एक पट्टी हवी. फूटभर इकडे-तिकडे झालं तरी चालेल. आज आमच्या हाती काहीच नाही.

2025 च्या उन्हाळ्यात नदी रुंद नि खोल करण्याचं मोठं काम झालं. मगरींची बिळं काठाच्या मातीत असतात, त्यांचं काय, अशी चिंता अनेकांनी मांडली. ती रास्त होती. पात्र मोकळं झालं हे चांगलंच. पण पात्र बदललं की आकड्यांचा अर्थही बदलतो. म्हणजे रेघांची गरज आता जास्तच आहे आणि दर पावसाळ्यानंतर त्या तपासायलाही लागतील.

यातली बरीच माहिती आधीच लोकांकडे आहे. आमच्या इमारतीत काम करणारी बेन परशुराम भठ्ठ्यात राहते. नदीकाठची ती वस्ती सगळ्यांत आधी बुडते. तिथल्या बायकांना कुठल्या आकड्याला कुठल्या ओळीत पाणी येतं, मुलं नि कागदपत्रं कधी उचलायची, हे तोंडपाठ असतं. त्यांच्याकडे वर्षाचा गहू नसतो, पाच-पाच किलोने आणतात. गेला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. अभियंत्यांनी रेघा मारायला निघताना आधी या बायकांना विचारावं आणि पहिली रेघ त्यांच्या वस्तीत मारावी.

विरोध कुठून होईल तेही माहीत आहे. 2024 च्या चिखलाची रेघ कितीतरी भिंतींवर छातीइतक्या उंचीवर उमटली होती. दिवाळीला सगळ्या सोसायट्यांनी रंग दिला नि ती पुसली. फाटकावर पुराची खूण राहिली तर फ्लॅटचा भाव पडेल, असं लोक उघड म्हणतात. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाची ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण घर घेणाऱ्यालाही इथे पाणी कुठवर येतं हे कळण्याचा हक्क आहे, आणि ते लपवून विकलेल्या घरात पुढचा ऑगस्ट त्याच्याच मुलांना काढायचा असतो. जिथे खूण असेल तिथे लोक मीटर वर घेतील, कोठीखाली चौथरा बांधतील, म्हाताऱ्या माणसाचा पलंग वेळेवर वर नेतील.

हे काम उन्हाळ्यातच व्हायला हवं. भिंती कोरड्या असतात आणि बायका अगाशीवर भेटतात. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी विषय मांडला. तळमजल्यावरच्या सगळ्या घरांनी हात वर केले; वरच्या मजल्यांवरचे काही जण अजून राजी नाहीत. रंगाचा डबा आणून ठेवला आहे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.