गजकर्णाचा बाजार

गजकर्ण हा मरणाचा रोग नव्हे. म्हणूनच बहुधा तो कोणाच्याही राजकारणाचा विषय होत नाही. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत पावसाळ्यात ओल्या लुगड्यानिशी दिवसभर निंदण करणाऱ्या मजूर स्त्रियांना आणि उन्हाळ्याच्या झळांत घामाने निथळत पोती वाहणाऱ्या हमालांना तो जडतो. खारपाणपट्ट्यात तर अंग व कपडे रोज धुण्यास गोडे पाणीच पुरत नाही. जांघेत, कमरेला उठलेले चट्टे दाखविण्याची लाज वाटते; दवाखान्यात जावे तर रोजी बुडते. मग औषधांच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते.

या ट्यूबमध्ये असते काय? पुष्कळदा बुरशीनाशकाच्या जोडीला क्लोबेटासॉलसारखे जहाल स्टेरॉईड आणि वर एखादे प्रतिजैविक. स्टेरॉईडमुळे दोन-चार दिवसांत खाज व लाली शमते आणि औषध ‘गुणकारी’ ठरते. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्तीच दडपली जाते व बुरशी आतल्या आत पसरत राहते. मलम थांबताच चट्टा अधिक मोठा होऊन उठतो आणि पुन्हा ट्यूब विकत घ्यावी लागते. दीर्घकाळ वापराने कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ पडतात ते निराळेच. रोग बरा न करणाऱ्या मालाचे गिऱ्हाईक कधी तुटत नाही, हे या व्यापाराचे खरे मर्म आहे.

सुशिक्षितांचा युक्तिवाद असा की, हा सारा जनतेच्या अडाणीपणाचा दोष. तो हिशेबाने तपासून पाहावा. दोन तळव्यांएवढ्या चट्ट्याला साधे बुरशीनाशक मलम एका वेळी अर्धा ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा म्हणजे १ ग्रॅम. चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते एक-दोन आठवडे लावावयाचे असते. चार आठवड्यांस २८ ग्रॅम, अर्थात १५ ग्रॅमच्या दोन ट्यूब. टॉवेल व अंथरूण सामाईक असल्याने घरातील तिघांना लागण झाली तर सहा. रोजंदारीवरील कुटुंबाने एकच ट्यूब घ्यावी व खाज थांबताच उरलेली जपून ठेवावी, यात अडाणीपणा कोठला? हा दारिद्र्याचा काटेकोर हिशेब आहे.

शासनाला हे ठाऊक नाही असे म्हणावयास जागा नाही. हाथी समितीने १९७५ मध्येच ११७ अत्यावश्यक औषधांची यादी देऊन औषधनिर्मितीला जनतेच्या गरजेची दिशा द्यावी, असे सुचविले होते. अविवेकी मिश्रणांपैकी ३४४ वर बंदी आली ती २०१६ च्या मार्चमध्ये. त्याच डिसेंबरात ती दिल्ली उच्च न्यायालयात रद्द झाली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ३२८ मिश्रणांवर पुन्हा घालावी लागली. तीत स्टेरॉईडयुक्त मलमे होती, पण सर्व नव्हती. त्याच वर्षी १४ स्टेरॉईडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम झाला. गल्ल्यावर तो कितपत पाळला जातो, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे.

दरम्यान बुरशी थांबली नाही. टर्बिनाफीन या प्रमुख औषधालाही अनेकदा दाद न देणाऱ्या एका जातीस २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्या नावात भारत आहे. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली. आपल्या नफेखोरीची ही निर्यात!

चिठ्ठीची सक्ती केल्यास गरिबाचे औषधच तुटेल, अशी भीती घातली जाते. केवळ सक्ती केली तर ती खरीही ठरेल. म्हणून दोन मागण्या एकत्रच रेटल्या पाहिजेत: स्टेरॉईड मिसळलेली सर्व बुरशीनाशक मलमे बंद व्हावीत; आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात साधे मलम, पूर्ण मुदतीचे, घरातील प्रत्येक बाधितास मोफत मिळावे. कार्यकर्त्यांनी गावोगाव आरोग्य केंद्राचा औषधसाठा तपासावा, ट्यूबवरील घटक लोकांना वाचून दाखवावेत आणि ग्रामसभेत ठराव मांडावेत. श्रमिकांच्या अंगावरील चट्टे हा लाजेचा विषय नाही. लाज वाटावयाची ती त्यावर धंदा करणाऱ्यांना व तो चालू देणाऱ्यांना.