शेजारी बसणाऱ्या बाई

प्रार्थना संपते, मुले वर्गात शिरतात आणि पहिलीच्या वर्गात दाराजवळच्या पट्टीवर चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसते. भावाचे हात थरथरतात, पेन्सिल सुटते, ती उचलून देते. खिचडी आली की आधी त्याला भरवते, मग स्वतः खाते. त्याला बाहेर जायचे असले की तीच नेते. तिचा वर्ग भिंतीपलीकडे भरलेला असतो आणि तिथल्या हजेरीपटावर ती हजर असते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या पाड्यांवर अशी बहीण भेटते, अशी आजी भेटते, कधी वाडीतला रोज बुडवून आलेली आई भेटते. कोणीच नसेल तेव्हा ते मूल घरी राहते आणि पटावरचे नाव तेवढे वर्षभर पुढे सरकत जाते.

मुंबई-पुण्यात या कामाला ‘शॅडो टीचर’ म्हणतात. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा चंचलतेमुळे एका जागी बसू न शकणाऱ्या मुलाच्या शेजारी दिवसभर एक प्रशिक्षित व्यक्ती असते आणि तिचे पैसे बहुतेक वेळा पालक मोजतात. ज्यांना परवडते त्यांनी ही सोय स्वतःपुरती करून घेतली, त्यात त्यांचा दोष नाही. पण जे काम शहरात पगारी आहे तेच डहाणूतल्या घोलवडच्या मागच्या पाड्यावर नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात पडते. त्यात एकाच घरातल्या दोन मुलांचे शिक्षण मोडते, आणि हे चालवून घेता येणार नाही. या कामाला नाव, प्रशिक्षण आणि मानधन देऊन सरकारने ते जिल्हा परिषदेच्या शाळेत आणले पाहिजे, आणि त्याची सुरुवात याच दोन तालुक्यांतून झाली पाहिजे.

कायदा आडवा येत नाही, उलट तो हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या, 1995 च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वे होती, नव्या कायद्यात ती 21 झाली. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. या कायद्याच्या कलम 16 नुसार प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक किंवा अन्य स्वरूपाचा आधार देणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कलम 31 ने 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, तेही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. ‘वैयक्तिक आधार’ हे शब्द कायद्यातच आहेत. वर्गात तो आधार म्हणजे शेवटी कोणीतरी माणूसच असतो.

आज या मुलांसाठी जो माणूस नेमला जातो तो विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक शाळांत दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरले. मार्च 2025 मध्ये पुन्हा सर्व राज्यांना पदे मंजूर करून ती जाहीर करण्यास बजावले. महाराष्ट्राने 2024 मध्ये केंद्रस्तरावर 4860 विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर गावोगाव फिरलेल्या माणसांना त्यातून स्थैर्य मिळणार असेल तर त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

मात्र हिशेब पाहा. एका केंद्रात दहा-बारा शाळा असल्या आणि विशेष शिक्षक रोज एका शाळेत गेला, तरी त्याच शाळेत परत यायला त्याला दोन आठवडे लागतात. मधल्या दिवसांत वर्गशिक्षकाने काय करायचे? द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकत्र बसतात, पोषण आहाराची नोंद असते, ऑनलाइन माहिती भरायची असते. त्या शिक्षकाला कळकळ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला हात दोनच आहेत.

हे शेजारी बसण्याचे काम वरवर सोपे वाटते. शाळा सुटेपर्यंतचा एक दिवस जवळून पाहिला की त्यातले कौशल्य कळते. स्वमग्न मुलाला प्रार्थनेतला एकदम उठणारा आवाज सहन होत नाही. तो कानावर हात ठेवून पळतो आणि ‘खोडकर’ ठरतो. जाणती मदतनीस त्याला रांगेच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला उभे करते आणि पहिले काही दिवस प्रार्थना संपताना आत आणते. मग शेवटच्या दोन ओळींसाठी, मग अर्ध्या प्रार्थनेसाठी, असे करत दिवाळीपर्यंत तो पूर्ण प्रार्थनेला उभा राहू शकतो. दिवसाचा क्रम तिने चित्रांच्या पत्त्यांवर मांडलेला असतो: प्रार्थना, गोष्ट, गणित, खिचडी, खेळ, घर. एक काम झाले की मूल स्वतःच्या हाताने तो पत्ता उलटा करते. पुढे काय होणार हे दिसत असले की भीती कमी होते. ज्याची बोटे वळत नाहीत त्याच्या पेन्सिलीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की पकड येते. ज्याला लाळ आवरत नाही त्याच्या खांद्यावर स्वच्छ रुमाल असतो आणि तो पुसण्याची आठवण खुणेने दिली जाते, चारचौघांत ओरडून नाही. शौचाला नेणे, कपडे बदलणे, आकडी आली तर कुशीवर वळवून भोवतालची मुले शांतपणे बाजूला करणे हेही याच कामात येते.

आणि यातले सगळ्यात अवघड काम म्हणजे हात मागे घेणे. मूल बटण लावताना अडले की आपण पटकन लावून देतो. जाणती बाई मनात दहा अंक मोजते, मग एकच बोट लावते आणि उद्या तेही लावत नाही.

घोलवडच्या परिसराला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये जवळच्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि गावातली बालवाडी सुरू झाली. वारली पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या धडपडीतून आला. 1975 मध्ये केंद्राने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा हा शब्द तिच्यासोबत खेडोपाडी पोहोचला. शिंपले, खडे, बिया, पाने हेच तिथले शैक्षणिक साहित्य होते, कारण महागडी लाकडी साधने परवडणारी नव्हती. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे जिथे चरतात तिथे शाळा.

कोसबादची आणखी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे या दोघींनी ओळखले. त्यांनी मुलीला रागावणे सोडून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. कडेवरचे मूल पाळणाघरात उतरले आणि ताई वर्गात जाऊन बसली. आजच्या शाळेतली ती चौथीतली मुलगी त्याच ताईची नात शोभावी. तिच्या कडेवरचे ओझे उतरवायला आज पाळणाघर पुरेसे नाही, तिथे एक माणूस हवा.

दुसरा दुवाही याच जिल्ह्यातला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्येच झाला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. जन्मतः असलेले व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणातले आजार आणि विकासातला विलंब हे चारही 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये लवकर हेरावेत, हा त्या कार्यक्रमाचा गाभा. पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, मुलांना तपासतात, नोंद करतात, पुढच्या उपचाराला पाठवतात. पण दोष हेरून झाल्यावर, प्रमाणपत्र हाती आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या शेजारी कोण बसणार याचे उत्तर त्या नोंदवहीत नसते.

उत्तर देताना एक धोका ओळखून पावले टाकायला हवीत. इंग्लंडमध्ये वर्गातल्या सहायकांची संख्या झपाट्याने वाढली. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील अभ्यासकांनी 2003 ते 2008 या काळात मोठी पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष सर्वांना हादरवणारे होते: ज्या मुलांना सहायकाचा आधार अधिक, त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांच्या तुलनेत कमी. दोष सहायकांचा नव्हता. शिक्षकांनी ते मूल सहायकाच्या हवाली केले होते. शिकवण्याचे प्रशिक्षण नसलेली व्यक्ती त्या मुलाची एकमेव शिक्षिका झाली, पूर्वतयारीला तिला वेळ मिळेना आणि काम पुरे करून घेण्याच्या घाईत ती उत्तरे सांगून मोकळी होऊ लागली. इटलीने 1977 च्या कायद्याने विशेष शाळांकडून सामान्य वर्गाकडे वळताना वेगळी वाट धरली. तिथला आधार-शिक्षक मुलापुरता न राहता त्या वर्गाचाच शिक्षक मानला जातो. इथे दोन्हींतून शिकता येईल. शिकवायची जबाबदारी वर्गशिक्षकाची, आराखडा विशेष शिक्षकाचा आणि रोजचा हात मदतनिसाचा, ही विभागणी नेमणुकीच्या आदेशातच लिहिली गेली पाहिजे. मदतनीस मुलाच्या पुढ्यात न बसता किंचित मागे, बाजूला बसावी. मुलाला तिच्यापेक्षा शेजारच्या मुलांची सवय व्हावी. वर्षअखेरीस तिचे मोजमाप करायचे ते मूल तिच्याशिवाय काय काय करू लागले यावर.

ही व्यक्ती पाड्यावरचीच असावी, यामागे भाषेचे मोठे कारण आहे. वारली, कोकणा, धोडिया घरांतून आलेले मूल पुस्तकी मराठीसमोर गप्प होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला त्याची बोली येणारे कोणी लागते. ऐकू येत नाही म्हणून गप्प, समजत नाही म्हणून गप्प, की नुसतेच बिचकले म्हणून गप्प? यातले कोणते, हे न कळल्यामुळे शहाण्यासुरत्या मुलाला मंद ठरवले जाते, आणि ज्याला खरोखर मदत हवी ते ‘लाजाळू आहे, होईल नीट’ म्हणून मागे राहते. जिव्या सोमा म्हसे यांचे बालपण इथे आठवते. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात 1934 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचे बोलणे काही वर्षे बंद झाले. हवे ते मातीत बोटाने रेघा ओढून ते सांगत. पुढे वारली चित्रकला जगाच्या दालनांत नेणारा, 2011 मध्ये पद्मश्री मिळालेला हा माणूस कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर बसवला गेला असता? मातीतल्या त्या रेघा म्हणजे बोलणेच आहे, हे ओळखणारा डोळा पाड्यावरच्या माणसाकडे असतो. तो चित्रांच्या पत्त्यांशी जोडून देण्याचे शिक्षण देता येते.

मग पैशाचे काय? समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3500 रुपयांची तरतूद धरली जाते. शाळेचे दिवस सव्वादोनशे धरले तर दिवसाला पंधरा-सोळा रुपये होतात, आणि त्यातच साहित्य-साधने, शिबिरे, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता हे सगळे बसवायचे. दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता दहा महिने मिळतो. एवढ्यात माणूस उभा राहणार नाही. राज्याच्या तिजोरीतून, आदिवासी विकास विभागाच्या निधीतून आणि ‘पेसा’ या आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखाली ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या पैशातून वाटा काढावा लागेल. प्रत्येक मुलाला स्वतंत्र मदतनीस लागत नाही. काहींना पूर्ण दिवस लागते, काहींना पहिले दोन तास, काहींना केवळ शौचाला आणि जेवणाच्या वेळी. एका शाळेत तीन मुले असतील तर एक बाई पुरेल. विशेष शिक्षकाने प्रत्येकाचा आराखडा लिहिला की गरज नेमकी कळते आणि खर्चही आटोक्यात राहतो. मात्र मानधन अंगणवाडी मदतनिसापेक्षा कमी नको, आणि महिनोन् महिने थकायला तर मुळीच नको. ज्या बाईच्या भरवशावर एक मूल शाळेत येते, ती अधेमध्ये काम सोडून गेली तर ते मूलही जाते.

सुरक्षेचा प्रश्न आडपडदा न ठेवता बोलायला हवा. यातली अनेक मुले झालेला त्रास सांगू शकत नाहीत. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी, मुलींसाठी स्त्री मदतनीसच, शौचालयात नेण्याची ठरलेली पद्धत, आणि ग्रामसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत आईवडिलांना थेट बोलता येईल अशी वेळ, यांत तडजोड चालणार नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे कुटुंबे निघतात तेव्हा मुलाचा आराखडा आणि चित्रांचे पत्ते त्याच्यासोबत जावेत, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

सारा जिल्हा एका दमात होणार नाही. डहाणूतले एक केंद्र आणि तलासरीतले एक, एवढ्यापासून सुरू करता येईल. दहावी-बारावी झालेल्या, गावातच राहणाऱ्या मुली या पाड्यांवर आहेत. चिकूच्या हंगामात त्या वाडीत दिसतात, पुढे तलासरीजवळच्या कारखान्यांच्या गाड्यांत दिसतात. मे महिन्यात त्यांचे प्रशिक्षण घ्यायचे तर जागा शोधत फिरावे लागणार नाही. घोलवड स्टेशनावर उतरले की कोसबादच्या टेकडीवर जायला रिक्षा मिळते. जिल्हा परिषदेने आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्पाने बसून या वर्षीच निर्णय घेतला, तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिलीच्या दाराजवळच्या पट्टीवर त्या भावाशेजारी एक बाई बसलेली असेल आणि त्याची ताई भिंतीपलीकडे, चौथीच्या वर्गात असेल.