स्थैर्याचा हिशेब आणि 'पडीक' माळ

'निसर्गाचा समतोल' या शब्दांइतका निर्धास्तपणे वापरला जाणारा शब्दप्रयोग मराठी ललित गद्यात क्वचितच आढळेल. वृक्षारोपण समारंभातले भाषण असो, पर्यावरणदिनाचा अग्रलेख असो की एखाद्या निसर्गलेखकाचा ललितबंध असो, हा समतोल तिथे हटकून येतो. आणि येतो तो एखाद्या स्थिरचित्रासारखा: हिरवा, शांत, काल होता तसाच आजही असलेला. आमचा आक्षेप या चित्राला आहे. ते केवळ चुकीचे असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण याच चित्राच्या भरवशावर आपल्याकडे माळरानांवर खड्डे खणले जातात आणि त्यांत एकाच जातीची रोपे ओळीने उभी केली जातात, म्हणून बोलणे भाग आहे.

वनस्पतींची विविधता आणि परिसंस्थेचे स्थैर्य यांचा संबंध काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९५८ साली चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने असे मांडले की, मोजक्या जातींच्या समूहांत कीड आणि आगंतुक जाती सहज माजतात. वैविध्य असेल तिथे त्यांना पाय रोवणे जड जाते. हे म्हणणे पुष्कळांना पटले, कारण ते खरे असावे अशीच त्यांची इच्छा होती. मग रॉबर्ट मे आले. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या मे यांनी १९७२ आणि १९७३ साली गणिताने दाखवून दिले की, यदृच्छेने जोडलेल्या व्यवस्थेत जातींची संख्या आणि त्यांचे परस्परसंबंध वाढवत नेले तर ती व्यवस्था अधिकच डळमळीत होते. 'विविधता' हा शब्द कानी पडताच मान डोलावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे गणित एकदा तरी समोर ठेवावे. आम्ही विविधतेच्या बाजूचे आहोत. तिच्या घोषणेच्या बाजूचे नाही.

उत्तर अखेर जमिनीवरच शोधावे लागले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे तेथील विद्यापीठाचे संशोधनक्षेत्र आहे. डेव्हिड टिलमन यांनी १९८२ पासून तेथील गवताळ जमिनीचे २०७ तुकडे आखून, त्यांना कमीअधिक नत्र देऊन दरवर्षी त्यांवरील वाढ मोजण्यास सुरुवात केली. १९८७-८८ मध्ये त्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ काही प्रयोगासाठी मागवलेला नव्हता; पण आधीची मोजमापे हाताशी होती, म्हणून त्याचा हिशेब लागला. टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी तो १९९४ साली प्रसिद्ध केला. ज्या तुकड्यांत पुष्कळ जाती होत्या तेथील वाढ दुष्काळात सुमारे निम्म्यावर आली. ज्यांत अगदी मोजक्या जाती होत्या तेथील वाढ सुमारे आठव्या हिश्श्यावर कोसळली.

यावर मायकेल ह्यूस्टन यांनी १९९७ साली घेतलेली हरकत रास्त होती. त्या तुकड्यांतील जाती कमी झाल्या होत्या त्या नत्र घातल्यामुळे. मग दुष्काळात जे घडले त्याचे श्रेय विविधतेचे मानायचे की नत्राचे? सुदैवाने १९९४ मध्येच तिथे वेगळा प्रयोग पेरला गेला होता. नऊ मीटर लांबीरुंदीचे १६८ तुकडे, आणि त्यांत १, २, ४, ८ किंवा १६ जाती, त्याही चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा निवडलेल्या. दहा वर्षांच्या मोजमापानंतर २००६ साली टिलमन, पीटर राइश आणि जोहानेस नॉप्स यांनी निष्कर्ष मांडला. आमच्या मते तो निसर्गावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचण्याजोगा आहे. जाती जितक्या अधिक, तितके संपूर्ण तुकड्याचे वार्षिक उत्पादन वर्षानुवर्षे अधिक स्थिर राहिले. मात्र त्याच तुकड्यातील एकेक जात सुटी पाहिली तर ती अधिक अस्थिर होती.

म्हणजे मे यांचे गणित आणि एल्टन यांचे निरीक्षण यांत जे भांडण दिसत होते, ते बरेचसे 'स्थैर्य कोणाचे?' हा प्रश्न न विचारल्यामुळे होते. समूहातील एखादे गवत एका वर्षी फोफावते, दुसऱ्या वर्षी रोडावते. सर्वच्या सर्व एकाच वर्षी सारखी बसत नाहीत, म्हणून बेरीज फारशी हलत नाही. शिवाय अनेक जाती एकत्र असताना एकूण वाढही जास्त होते, त्यामुळे चढउतार तुलनेने लहान ठरतात. यात एक जात दुसरीसाठी त्याग करते वगैरे काव्य शोधण्याचे कारण नाही. आपले 'विविधतेत एकता' हे आवडते सूत्रही येथे लावू नये, कारण या समूहाला टिकवते ती एकता नसून सर्वांचे सूर एकाच वेळी न जुळणे हे आहे.

पुढे २०१५ मध्ये गवताळ भागांतील अशा ४६ प्रयोगांचा एकत्रित ताळेबंद प्रसिद्ध झाला. अतिवृष्टी किंवा अवर्षणाच्या काळात एकदोन जातींच्या समूहांचे उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी हलले, तर १६ ते ३२ जातींच्या समूहांचे सुमारे २५ टक्क्यांनी. आघात सरल्यावर पूर्ववत होण्याच्या बाबतीत मात्र विविधतेचा असा एकसारखा फायदा दिसला नाही. ही मर्यादाही सांगितली पाहिजे. ती लपवून विविधतेची वकिली करणे आम्हाला मान्य नाही.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी आणू. सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेतला पठारी प्रदेश मुळातच बेभरवशाच्या पावसाचा. तेथील माळांवर पवना, मारवेल, कुसळी, डोंगरी अशी गवते आणि पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या कितीतरी लहान वनस्पती एकत्र नांदतात. मिनेसोटाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या भूमीत वाईट वर्ष नेमाने येते, तेथे हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो, हे उघड आहे. या माळांना आपले दफ्तर काय म्हणते? 'पडीक'. महसूल न देणाऱ्या जमिनीसाठी इंग्रजी अमदानीत रुळलेली ही दृष्टी आपण जशीच्या तशी जपली. ज्या गवतावर धनगरांच्या मेंढ्या पोसल्या गेल्या आणि ज्यात माळढोकासारखा पक्षी वाढला, ते गवत दफ्तराच्या लेखी शून्य.

शून्य म्हटले की ते भरण्याची घाई होते. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्रात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला गेला; त्यांतली ३३ कोटी एकट्या २०१९ मध्ये. हेतूविषयी आम्हाला शंका नाही, मोजपट्टीविषयी आहे. या हिशेबात लावलेल्या रोपांचा आकडा ठळक. खड्डा खणण्यापूर्वी तेथे काय उगवत होते, हा रकाना कुठे आहे? पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प असेच दाट लावले गेले. ते लवकर वाढते आणि दुरून टेकडी हिरवी दिसते. छायाचित्राला तेवढे पुरते.

'उजाड टेकडीपेक्षा हिरवी टेकडी बरी', असे यावर म्हटले जाते. आम्ही विचारतो, उजाड कशावरून? मार्चमध्ये पिवळी पडलेली टेकडी मेलेली नसते. तिची मुळे आणि बिया जमिनीत असतात. तिला उजाड म्हणणारा माणूस बहुधा ऑगस्टमध्ये तिथे गेलेला नसतो. आणि जिथे खरोखरच माती वाहून गेली आहे, तिथेही एकाच जातीवर सारी भिस्त ठेवणे म्हणजे सगळे पैसे एकाच पेढीत ठेवणे होय. कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरत आला, तो काही सौंदर्यदृष्टीने नव्हे. सालाची खात्री नव्हती, म्हणून.

आमची मागणी लहान आहे. खड्डा खणण्याआधी त्या जागेवरील वनस्पतींची यादी करावी, आणि तीही पावसाळ्यात. यशाचा दाखला लागवडीच्या दिवशी देऊ नये. दहा वर्षांनी, मध्ये किमान एक अवर्षणाचे साल जाऊ देऊन द्यावा. माळाच्या नावापुढचा 'पडीक' हा शब्द दफ्तरातून खोडावा. हे शेवटचे काम सरकारी असले, तरी त्याची सुरुवात लिहिणाऱ्यांनी करायला हरकत नाही. झाड दिसले की ज्यांची लेखणी सैल सुटते, त्यांनी गवताची दहा नावे तरी कधी लिहिली आहेत काय?