संघ कोणाचा?

एखाद्या संघावर माणूस जीव लावतो, तेव्हा तो नेमका कशावर जीव लावत असतो? संघाच्या नावावर, गणवेशाच्या रंगावर, आपल्या शहरावर, की मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंवर? तेच खेळाडू वर्षानुवर्षे राहिले तर हा प्रश्न पडत नाही. ते वरचेवर बदलू लागले, की मात्र तो टाळता येत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांना हा प्रश्न गेली अनेक दशके छळतो आहे.

बेसबॉल हा तेथे रोजच्या सोबतीचा खेळ आहे. प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. वसंत ऋतूच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. संध्याकाळी रेडिओवर समालोचन लावून घरातली कामे उरकणाऱ्या माणसाला आपल्या संघातील खेळाडू शेजाऱ्यांसारखे परिचित होतात. कोणाची लय बिघडली आहे, कोणाचा खांदा दुखावला आहे, हे त्याला ठाऊक असते. अशातच जुलै महिन्याच्या अखेरीस एके सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, की त्याचा आवडता खेळाडू दुसऱ्या संघाला दिला असून बदल्यात दोन अनोळखी तरुण आले आहेत. शेजारचे घर एका रात्रीत रिकामे व्हावे, तसे त्या चाहत्याला वाटते.

म्हणून जुन्या पिढीतील चाहते हळहळतात. पूर्वीचे खेळाडू निष्ठावान होते, आताचे पैशामागे धावतात, असे ते म्हणतात. ही हळहळ प्रामाणिक आहे. परंतु इतिहास तपासला, तर तिच्यातील दोषारोप टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसबॉलच्या करारांत एक कलम आले. त्यानुसार कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवरील हक्क क्लबकडेच राही. मालक त्याला विकू शके, दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात देऊ शके. खेळाडूला मात्र आपण होऊन दुसरीकडे जाता येत नसे. बेब रूथसारखा असामान्य खेळाडूसुद्धा १९१९ च्या अखेरीस बॉस्टनच्या रेड सॉक्सने न्यूयॉर्कच्या यँकीजना विकला. त्यानंतर बॉस्टनकरांना विजेतेपदासाठी २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. तात्पर्य, त्या काळीही संघ बदलतच होते. कोणी जावे आणि कोणी राहावे, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा एकाच बाजूला होता. ज्याला जाण्याची मुभाच नाही, त्याच्या राहण्याला निष्ठा कसे म्हणावे?

हा प्रश्न कर्ट फ्लड या खेळाडूने विचारला. बारा हंगाम तो सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाकडून खेळला होता. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देण्यात आले. त्याने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे बेसबॉलच्या आयुक्तांना पत्राने कळवले आणि न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरोधात गेला. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न विझला नाही. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निवाडा दिला आणि ते जुने बंधन सैल झाले. आज सहा हंगामांची सेवा पूर्ण केलेला खेळाडू करार संपल्यावर आपल्या पसंतीच्या संघाशी नवा करार करू शकतो.

या स्वातंत्र्यामुळे चाहत्यांचे प्रेम आटले काय? तसे दिसत नाही. फ्रेडी फ्रीमन बारा हंगाम अटलांटाच्या ब्रेव्हज संघात होता आणि २०२१ च्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्समध्ये गेला. जून २०२२ मध्ये तो प्रतिस्पर्धी म्हणून अटलांटात परतला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि त्याला अश्रू आवरले नाहीत. गणवेश बदलला, म्हणून बारा वर्षांचा स्नेह पुसला गेला नाही.

केवळ बदलामुळे संघ दुबळा होतो, असेही नाही. ओकलंडच्या ॲथलेटिक्स संघातून २००१ च्या हंगामानंतर तीन महत्त्वाचे खेळाडू गेले. व्यवस्थापनाने कमी पैशांत, पण विचारपूर्वक त्यांच्या जागा भरल्या. २००२ मध्ये या संघाने सलग २० सामने जिंकले. लहान क्लबांना श्रीमंत क्लबांशी पैशाच्या बळावर बरोबरी करता येत नाही. त्यांना खेळाडू सोडावेच लागतात. समंजस चाहता ही अडचण जाणतो.

मग दुखावते काय? फ्लोरिडाच्या मार्लिन्स संघाचे उदाहरण पाहा. १९९३ मध्ये खेळू लागलेल्या या संघाने १९९७ मध्ये, पाचव्याच हंगामात, विजेतेपद मिळवले. संघ तोट्यात आहे, असे सांगून मालकाने त्यानंतर लगेच एकामागून एक प्रमुख खेळाडू काढून टाकले. १९९८ मध्ये हा विजेता संघ १६२ पैकी १०८ सामने हरला. पुढे २०१२ मध्ये मायामीत बहुतांशी सार्वजनिक पैशातून नवे मैदान उभे राहिले. तेथील पहिला हंगाम संपताच पुन्हा अनेक नामांकित खेळाडू एकाच व्यवहारात टोरांटोला देण्यात आले. नागरिकांच्या पैशाने मैदान झाले. त्यात पाहण्याजोगा संघ मात्र उरला नाही.

पराभव चाहत्याला नवा नसतो. आपला संघ जिंकण्यासाठी धडपडतो आहे, या विश्वासावर तो हरण्याची वर्षेही काढतो. तो विश्वास मोडला, की चाहत्याचा नुसता ग्राहक होतो. ओकलंडमध्ये हेच घडले. २०२२ मध्ये तेथील गुणी खेळाडू इतरत्र देण्यात आले, संघ लागोपाठ दोन हंगाम शंभराहून अधिक सामने हरला आणि त्यातच शहर सोडण्याचा बेत पुढे आला. १३ जून २०२३ रोजी एरवी रिकाम्या पडणाऱ्या त्या मैदानात २७ हजारांहून अधिक लोक मुद्दाम जमले आणि संघ विकून टाका, असे त्यांनी मालकाला ओरडून सांगितले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील शेवटचा सामना झाला. कागदोपत्री संघ मालकाचा होता, हे शहराला मान्य करावे लागले.

२००८ पासून आपल्याकडेही आयपीएलच्या लिलावांत खेळाडू संघ बदलताना आपण पाहत आलो आहोत. त्यामुळे बेसबॉलच्या या कहाणीतून घेण्याजोगा विवेक आपल्याही उपयोगी पडावा. आवडता खेळाडू गेला, की आपण त्याला कृतघ्न म्हणून मोकळे होतो. तसे म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: जाण्याचा निर्णय कोणी घेतला? आणि तो कशासाठी घेतला? चांगली संधी शोधणाऱ्या खेळाडूला आपण आनंदाने निरोप द्यावा. संघ मोडून केवळ नफा राखणाऱ्या मालकाला मात्र जाब विचारावा. खेळाडू येतील आणि जातील. पिढ्यान्‌पिढ्या मैदानाच्या कडेला बसणारा चाहता तेथेच राहतो. त्याच्या विश्वासाला किंमत नसेल, तर संघ म्हणून मागे केवळ एक नाव उरते.