मॅक्रो, कोयना आणि आयर्विन पूल

रस्टचा मॅक्रो लिहिला की दुसऱ्याच्या टाइपला वेबअसेंब्लीचा रॅपर आपोआप मिळतो म्हणे. साफ खोटं! मॅक्रोला फक्त समोर ठेवलेले टोकन दिसतात. बाहेरच्या क्रेटमधली फील्ड्स तुम्हीच पुन्हा टंकायची. उद्या मूळ क्रेटवाल्याने नवं फील्ड घातलं, की कंपाइलर गप्प आणि जावास्क्रिप्टला पत्ताच नाही.

वर सातारा जिल्ह्यात कोयनेचे दरवाजे उघडले, तर खाली सांगलीत आयर्विन पुलापाशी आधी कळायला नको? २०१९ चा पूर पाहिलेल्यांना विचारा.

मॅक्रो जरूर वापरा, मीही वापरतो. पण रूपांतर करताना स्ट्रक्ट पूर्ण उलगडा. ती दोन टिंबं टाकून उरलेलं गिळू नका. फील्ड वाढलं की बिल्ड तिथेच आपटेल. (फील्ड्स खाजगी असतील तर हेही जमत नाही. मग बसा हाताने लिहीत!)