बटाटा लागवड : तारीख नको, वाफसा पाहा

मे महिन्यातच पाऊस कोसळू लागला की सातगाव पठारावरचं बटाट्याचं गणित बिघडतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. आंबेगाव तालुक्यातलं हे पठार खरिपाच्या बटाट्यासाठी ओळखलं जातं. पाऊस लवकर, म्हणून लागवडही लवकर, हा हिशेब सोपा वाटतो. पण तो चुकीचा आहे.

बियाणं म्हणजे जिवंत कंद. त्याला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की कापलेल्या फोडीची जखम भरत नाही आणि कूज आणणाऱ्या जिवाणूंचं फावतं. एकरी साधारण ६ ते ८ क्विंटल बियाणं लागतं, खर्चातला मोठा वाटा त्याचाच. बाजरीची दुबार पेरणी एक वेळ परवडते, बटाट्याची नाही.

वाफसा कसा ओळखायचा?

वरची सुकलेली माती फसवते. चार-पाच इंच खालची मूठभर माती घेऊन गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर कामाला लागा. नुसताच चेपला, हाताला चिकटला तर थांबा. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की सरी नीट पडत नाही, खाली जमीन दबते आणि वर वाळून ढेकळं होतात. अशा मातीत बटाटा पोसणार कसा? उताराचा तुकडा आज तयार असेल, तर खोलगट भाग चार दिवसांनी. ट्रॅक्टर भाड्याचा, मजूर ठरलेले, म्हणून सगळं रान एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो. तो महागात पडतो.

थांबायचं, तर बियाण्याचं काय?

गोण्यांच्या थप्प्या तशाच ठेवू नका. आत ऊब धरते, कोंब लांबतात आणि हाताळताना मोडतात. सावलीत, वाऱ्याच्या जागी पातळ थरात पसरा. वाफसा दिसेपर्यंत विळी हातात घेऊ नका. पाऊस उघडत नसेल तर अंड्याएवढे अख्खे बटाटे लावणं केव्हाही बरं.

थांबण्यालाही मर्यादा आहेच. उशिराचं पीक ऐन वाढीत ढगाळ, गार हवेत सापडतं आणि करपा झपाट्याने पसरतो. माझ्या मते आठ-पंधरा दिवसांचा उशीर खुशाल सोसावा. जुलै निम्मा सरला आणि खोलगट तुकडा तरीही वाफशावर आला नाही, तर तिथे यंदा बटाटा नकोच.