रानपिंगळ्याचा जिल्हा कोणता?

रानपिंगळा कोणत्या जिल्ह्यातला? जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत त्याचे नमुने गोळा केले, तेव्हा उत्तर सोपे होते: खानदेश. १९०६ मध्ये खानदेशाची पूर्व-पश्चिम वाटणी झाली आणि पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. नामशेष मानलेला हा पक्षी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तो धुळे जिल्ह्यात. आठ महिने व्हायच्या आत, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि शहादा तिकडे गेला.

जंगल जागचे हलले नाही. कागदावरचा पत्ता मात्र बदलत राहिला.

पक्षीनिरीक्षकांच्या याद्या बहुधा जिल्हावार असतात, म्हणून हा प्रश्न निव्वळ कागदी नाही. कुठल्याही पक्ष्याच्या १९९५ च्या टिपणात फक्त ‘धुळे’ लिहिले असेल, तर तो पक्षी साक्रीचा की तळोद्याचा, हे आज कसे ठरवायचे? सातपुड्यातला पक्षी धुळ्याच्या यादीतून गळला, की तो तिथून नाहीसा झाल्याचा भास होतो. नंदुरबारच्या यादीत तोच नवा पाहुणा ठरतो. आणि जिल्हे वाढतच आहेत: १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. तेलंगणाने तर २०१६ मध्ये एका दिवसात १० जिल्ह्यांचे ३१ केले.

ब्रिटनने यावर फार पूर्वी तोडगा काढला. वनस्पतिशास्त्रज्ञ एच. सी. वॉटसन यांनी १८५२ मध्ये नोंदींसाठी देशाचे कायमचे विभाग आखले. प्रशासनाने सीमा कितीही हलवल्या तरी ग्रेट ब्रिटनचे हे ११२ विभाग निसर्गनोंदींसाठी आजही वापरात आहेत. १९७४ च्या फेररचनेत जन्मलेली एव्हन काउंटी १९९६ मध्ये बरखास्त झाली, तरी तिच्या नावाचा पक्षी-अहवाल पुढेही निघत राहिला.

आपल्याकडे हा गोंधळ गावापर्यंत पोचतो. परिसरातल्या सजीवसृष्टीची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, तिथल्या ग्रामपंचायती संपल्या. अशा गावांच्या नोंदवह्या महापालिकेच्या एकाच नोंदवहीत विरघळल्या, तर गावनिहाय तुलनेचा आधारच उरत नाही.

नव्या जिल्ह्यांच्या मागण्या थांबणाऱ्या नाहीत आणि त्यांना प्रशासकीय कारणेही आहेत. म्हणून राज्य जैवविविधता मंडळाने १९६० चे २६ जिल्हे निसर्गनोंदींचे कायमचे विभाग म्हणून जाहीर करावेत. प्रत्येक नोंदीत गावाचे नाव आणि अक्षांश-रेखांश सक्तीचे असावेत. गाव एका संस्थेतून दुसरीत जाताना जमीन-मालमत्तेच्या दप्तराबरोबर त्याची जैवविविधता नोंदवहीही स्वतंत्र ठेवून हस्तांतरित करावी. एका शासन निर्णयात बसेल एवढेच हे काम आहे.